हरवलेला लेगब्रेक : कोल्हापुरातल्या एका लेगस्पिनरचं प्रकरण

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. नेटमध्ये आमच्या क्लबचा पंधरा वर्षांचा लेगस्पिनर गोलंदाजी करत होता. समोर बारा वर्षांचा, नुकता पॅड बांधायला शिकलेला मुलगा. या धाकट्यानं सलग चार चेंडू पाय पुढं टाकून सरळ बॅटनं खेळून काढले. एकही हुकला नाही, एकालाही कड लागली नाही. पाचव्या चेंडूआधी तो थांबला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "सर, दादा ऑफस्पिन टाकायला लागलाय काय?"

बाकीची पोरं हसली. लेगस्पिनर हसला नाही. मलाही हसू आलं नाही. दोन महिने जे डोळ्यांत खुपत होतं आणि मी ज्याच्याकडं काणाडोळा करत होतो, ते त्या बारक्यानं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. पोराचा लेगब्रेक, म्हणजे टप्पा पडून उजव्या फलंदाजापासून बाहेर वळणारा चेंडू, गेला होता.

पुढं त्याला मी नुसतं 'पोरगं' म्हणतो. नाव देत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही आणि त्याच्या वर्गातली मुलंही हे वाचतील. लिहून काढायचं कारण एवढंच की हे दुखणं नवीन नाही. गुगली, म्हणजे लेगब्रेकसारखी दिसणारी पण उलटी आत वळणारी, ती शिकलेल्या बऱ्याच पोरांना ते होतं. आमच्यासारखे प्रशिक्षक 'फॉर्म गेला' म्हणून सोडून देतात. पोरगं पुढच्या वर्षी मधल्या फळीतला फलंदाज होतं, नाहीतर कॉलेजला जाऊन क्रिकेट सोडतं.

सात विकेट

पोरगं अकराव्या वर्षी आमच्याकडं आलं. पाचगावकडून सायकल मारत यायचं. पहाटे म्हशीची धार काढून, घरोघरी दूध घालून मग नेटला. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डर. पहिल्या दिवशी मी त्याला चेंडू दिला आणि वीस फुटांवरून नुसता फिरवून माझ्याकडं टाक म्हटलं. चेंडू हातातून सुटताना फुर्रर्र असा आवाज आला. हा आवाज शिकवून येत नाही. धारा काढून काढून त्याच्या बोटांत जो जोर आला होता, तो शहरातल्या पोरांच्या बोटांत नसतो. मी त्याच दिवशी त्याला लेगस्पिनर ठरवून टाकलं.

पकड साधी. पहिली दोन बोटं शिवणीवर आडवी, अनामिका दुमडून चेंडूच्या खाली टेकलेली, अंगठा नुसता नावाला. फिरकी देते ती अनामिका. दोन वर्षांत त्याच्या अनामिकेच्या आतल्या कडेला शेंगदाण्याएवढा घट्टा पडला. तेराव्या वर्षी त्याचा लेगब्रेक मॅटवर लेगस्टंपावर पडून ऑफस्टंपाच्या बाहेर जायचा. अचूकता कमी होती, षटकात एखादा फुलटॉस, एखादा आखूड यायचाच. पण फलंदाज त्याच्याविरुद्ध पाय हलवताना दोनदा विचार करायचे.

आणि मग मी त्याला गुगली शिकवली. साडेतेराव्या वर्षी. कुणी सांगितलं नव्हतं, गरजही नव्हती. त्याचं मनगट लवचीक आहे हे मला दिसत होतं आणि माझ्या शिकवण्यातली करामत लोकांना दिसावी असं मला वाटत होतं. प्रकरणातली ही पहिली चूक, आणि ती माझी.

पुढच्या वर्षी जानेवारीत स्थानिक पातळीवरच्या दोन दिवसांच्या सामन्यात पोरानं ३८ धावांत ७ बळी घेतले. त्यातले पाच गुगलीवर. तीन पायचीत, दोन त्रिफळा. समोरची मुलं चेंडू हातातून वाचत नव्हती, टप्प्यावरून वाचायला जात होती, आणि तोवर उशीर होत होता. पेपरात जिल्ह्याच्या पानावर दोन ओळी आल्या. वडिलांनी ते कात्रण लॅमिनेट करून घरात लावलं. आमच्या क्लबच्या कप्तानानं त्या दिवसापासून त्याला चेंडू देताना एकच सूचना द्यायला सुरुवात केली, "ती टाक रे, ती."

लेगस्पिनरला पहिल्या मोठ्या यशाइतका धोका कशाचाच नसतो, असं माझं मत झालं आहे. कात्रणातल्या आकड्यांकडं बघून पुढचे सगळे जण त्याच्याकडं रोज तेच मागतात.

मोठ्यांच्या कारकिर्दी बघा. भारताचा लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णन १९८३ मध्ये अँटिग्वाला पहिली कसोटी खेळला तेव्हा सतरा वर्षांचा होता. १९८४ च्या अखेरीस वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध त्यानं १२ बळी घेतले, तेव्हा त्याचा एकोणिसावा वाढदिवस व्हायचा होता. पुढच्या मार्चमध्ये मेलबर्नला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात त्यानं पाकिस्तानच्या मियांदादला पुढं ओढून यष्टिचीत केलं, ते आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. आणि जानेवारी १९८६ मध्ये, वीस पूर्ण होऊन आठवडा व्हायच्या आत, तो शेवटची कसोटी खेळला. ९ कसोटी, २६ बळी. त्यातले १२ एकाच सामन्यातले.

नरेंद्र हिरवाणीचं गणित असंच. जानेवारी १९८८, चेपॉक, समोर वेस्ट इंडीज, पदार्पणात १३६ धावांत १६ बळी. पहिल्या ४ कसोटींत ३६. नंतरच्या १३ कसोटींत ३०. हाच माणूस १९९० मध्ये ओव्हलवर एका टोकानं सलग ५९ षटकं टाकत राहिला, हे मात्र कुणाला आठवत नाही. चिकाटी कमी होती असं त्याला कोण म्हणेल?

उलट अनिल कुंबळे. ऑगस्ट १९९० मध्ये मँचेस्टरला पहिली कसोटी, पहिल्या डावात १०५ धावांत ३ बळी. त्यानंतर दोन वर्षं कसोटी संघाबाहेर. गाजावाजा करण्यासारखं काही नव्हतंच. शेवटी १३२ कसोटी आणि ६१९ बळी. आता एवढ्यावरून 'उशिरा यश मिळावं' असा नियम कुणी काढू नये. कुंबळेला उंची होती, वेग होता, डोकं होतं. मी फक्त एवढंच बघतो की त्याच्याकडं 'ती टाक रे' म्हणून मागावी अशी एकच एक जादू नव्हती, म्हणून त्याला सगळंच नीट करावं लागलं.

मोबाइलमध्ये काय दिसलं

त्या जूनच्या संध्याकाळी मी पोराला थांबवून घेतलं आणि पंचाच्या जागेवर उभा राहून मोबाइलवर त्याचे साठ चेंडू टिपले. सावकाश गतीनं बघितले. त्यातले एकेचाळीस त्यानं लेगब्रेक म्हणून टाकले होते. नजरेला वळलेले दिसले ते सहा. एकोणीस गुगली, त्या जवळजवळ सगळ्या वळल्या.

हे कसं होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच सगळं आहे. चेंडू सुटताना हाताची कुठली बाजू फलंदाजाकडं आहे यावर खेळ चालतो. लेगब्रेकला तळवा फलंदाजाकडं असतो. मनगट आणखी थोडं वळवलं की करंगळीची कड त्याच्याकडं येते, तो टॉपस्पिनर. चेंडू सरळ जातो, टप्पा पडल्यावर उसळतो. आणखी वळवलं की हाताची मागची बाजू फलंदाजाला दिसते, ती गुगली. एकच रस्ता आहे, त्यावरचे हे थांबे. आमचं पोरगं गुगलीच्या थांब्यावर इतक्या वेळा जाऊन आलं होतं की परत येताना ते मधल्याच थांब्यावर उतरत होतं. त्याला वाटत होतं आपण लेगब्रेक टाकतोय. पडत होता टॉपस्पिनर.

नुसतं मनगट नव्हतं. गुगलीसाठी हात कानाला घासून वर जायला लागला होता, त्यामुळं डोकं डावीकडं कललं होतं. डावा खांदा फलंदाजाकडं बघायच्या आतच उघडत होता. मागचा पाय क्रीजला समांतर पडायचा तो आता फलंदाजाकडं बोट दाखवत होता. एका चेंडूसाठी त्यानं सगळं अंग बदलून घेतलं होतं.

मग एवढे दिवस मला दिसलं कसं नाही? आमचं नेट सिमेंटच्या पट्टीवर मॅट अंथरून केलेलं. खिळे ठोकून ताणलेल्या मॅटवर टॉपस्पिनर छातीपर्यंत उडतो. लहान पोरं दचकून शॉर्ट लेगला झेल देतात. म्हणजे विकेट मिळत होत्याच. धावफलक बघणाऱ्याला दुखणं दिसतच नाही, आणि त्या दोन महिन्यांत मी धावफलक बघणाराच झालो होतो. हीच माझी दुसरी चूक.

पोराला व्हिडिओ दाखवला. बराच वेळ काही बोललं नाही. मग म्हणालं, "पण सर, बिश्नोई तर गुगलीच टाकतोय की."

आजच्या पोराशी बोलताना या प्रश्नाला बगल देता येत नाही. भारताचा लेगस्पिनर रवी बिश्नोईनं २०२० च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात १७ बळी घेतले, स्पर्धेत सगळ्यांत जास्त. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो टी-ट्वेंटी गोलंदाजांच्या क्रमवारीत जगात पहिला होता. त्याचा मुख्य चेंडू गुगलीच. वीस षटकांच्या क्रिकेटनं लेगस्पिनचा जुना हिशोब उलटा केला आहे: आत येणारा चेंडू रोजचा आणि बाहेर जाणारा फसवायचा. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे उत्तर त्यावर चालत नाही.

मी त्याला एवढंच म्हटलं, "बिश्नोई गुगली टाकतो कारण त्याला ती टाकायची असते. तू लेगब्रेक टाकायला जातोस आणि तो पडत नाही. दोन्ही सारखंच आहे काय?" शिवाय पुढं त्याला जायचं होतं ते सोळा वर्षांखालच्या राज्य संघाच्या निवडीला. ती मुलं विजय मर्चंट करंडक खेळतात, तीन-तीन दिवसांचे सामने. तिथं संथ खेळपट्टीवर दुपारी तीन वाजता उजव्या फलंदाजापासून बाहेर जाणारा चेंडू नसेल तर लेगस्पिनर पाणी द्यायच्याच कामाचा.

सदू शिंदे

मर्चंट हे नाव निघालं की मला दुसरं एक नाव आठवतं, आणि पोरांना मी ते मुद्दाम सांगतो. १९४३-४४ च्या मोसमात विजय मर्चंटनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा काढल्या. त्या डावात महाराष्ट्राचा एक विशीतला लेगस्पिनर पंचाहत्तर षटकांहून जास्त टाकत राहिला आणि १८६ धावांत ५ बळी घेऊन परतला. सदाशिव गणपतराव शिंदे, म्हणजे सदू शिंदे. आज हे नाव सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे शरद पवारांचे सासरे?" होय, तेच. पण त्याआधी ते लेगस्पिनर होते.

त्यांची कारकीर्द एका कसोटीत मावते. दिल्ली, नोव्हेंबर १९५१, समोर इंग्लंड. पहिल्या डावात शिंदेंनी ९१ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड २०३ वर संपलं. भारतानं ६ बाद ४१८ वर डाव सोडला. मर्चंट १५४, हजारे नाबाद १६४. भारतानं तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती आणि आता ती हाताशी आली होती. दुसऱ्या डावात शिंदेंनी ७३ षटकं टाकली. १६२ धावांत २ बळी. अॅलन वॉटकिन्स नाबाद १३७ करून नऊ तास ठाण मांडून बसला, शिंदेंच्या गोलंदाजीवर झेलांमागून झेल सुटले आणि सामना अनिर्णित राहिला.

७ कसोटींत त्यांचे १२ बळी. त्यातले ८ या एका सामन्यातले. प्रथम श्रेणीत मात्र ७९ सामन्यांत २३० बळी. १९५२ मध्ये इंग्लंडचा दौरा केला, तो शेवटचा. याच उन्हाळ्यात हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं, आणि आमच्या गावानं ती आठवण अजून जपून ठेवलीय. सदू शिंदे १९५५ च्या जूनमध्ये विषमज्वरानं गेले. वय अवघं ३१.

ते १२ बळी वाचून 'साधा गोलंदाज' म्हणणाऱ्याला ते सुटलेले झेल दिसत नाहीत. लेगस्पिनरच्या आकड्यांत स्लिपमधल्या माणसाचे हातही मिसळलेले असतात. पोराला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "मग सर, त्यांनी कुणाला शिव्या दिल्या काय?" मी म्हटलं, मला माहीत नाही, पण पुढचं षटक टाकलं एवढं नक्की.

आणखी एक आठवण या भागातली. ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट, कसोटीत २०० बळींचा टप्पा गाठणारा पहिला गोलंदाज, १९३० च्या दशकाच्या शेवटी जतच्या संस्थानिकांकडं येऊन राहिला होता. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं जत. तिथं त्यानं विजय हजारेंना शिकवलं. ग्रिमेट पहिली कसोटी खेळला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता आणि त्या सामन्यात त्यानं ११ बळी घेतले. हे मात्र मी पोराला सांगितलं नाही. पंधराव्या वर्षी तेहतीस म्हणजे म्हातारपण वाटतं.

वडील

दुरुस्तीची पहिली अट मी घातली: गुगली बंद आणि टेनिस बॉल बंद. गुगलीचं पोरानं ऐकलं. टेनिस बॉलवर अडलं.

एप्रिल-मे मध्ये कोल्हापूरच्या आसपास गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा असतात. रात्री हॅलोजन लावून, माइकवर समालोचन, रोख बक्षिसं. पोरगं त्या उन्हाळ्यात अशा सहा-सात स्पर्धा खेळलं होतं. टेनिसच्या चेंडूला शिवण नाही. अनामिकेला धरायला काही नसतं, म्हणून सगळी फिरकी मनगट उलटवून काढावी लागते. समोरचा प्रत्येक जण लेगला उचलून मारायला बसलेला, सीमारेषा हाकेच्या अंतरावर. तिथं गुगली सोन्याची. दोन महिन्यांत त्याच्या अंगानं तेच शिकून घेतलं.

वडिलांना बोलावलं. रात्रपाळी संपवून आले होते, हाताच्या रेषांत काळी वाळू तशीच. मी मनगट, खांदा, पाय सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुम्ही म्हणताय ते बरोबरच असंल. पण तिथं पोरगं एका रात्रीत दोन-तीन हजार घेऊन येतंय. त्यातनं त्यानं स्वतःचे बूट घेतलेत. तुमच्या लेदर बॉलनं आजवर काय दिलंय?"

मी मोठ्या क्रिकेटचं, संघाचं, पुढच्या संधीचं बोलायला लागलो. त्यांनी मध्येच विचारलं, "भाऊसाहेब निंबाळकर याच गावचे न्हवं? चारशे त्रेचाळीस केल्या. त्यांना कसोटी मिळाली काय?"

याला उत्तर नाही. १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर असताना समोरच्या कप्तानानं सामनाच सोडून दिला. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. २०१२ मध्ये इथंच गेले. ज्या गावात हे घडलंय तिथल्या बापाला 'खेळावर विश्वास ठेवा' कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यातून हे फुटबॉल आणि कुस्तीचं गाव. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या फुटबॉल संघांची मॅच असली की रस्ते ओस पडतात, आणि आमच्या सामन्याला मात्र धावफलक लिहायलाही माणूस मिळत नाही.

शेवटी तोडगा निघाला तो तत्त्वाचा नव्हता, हवामानाचा होता. पावसाळ्यात टेनिसच्या स्पर्धा नसतातच. वडील म्हणाले, "दसऱ्यापर्यंत तुमचं. म्होरचं म्होरं बघू."

पावसाळा

कोल्हापूरचा पाऊस म्हणजे क्रिकेटला चार महिने टाळं. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली की आम्ही मॅट गुंडाळून ठेवतो. त्या वर्षी एका ओळखीच्यांच्या मंगल कार्यालयाचं रिकामं सभागृह दुपारी दोन तास मिळालं. फरशी, वर पत्रा, पत्र्यावर पावसाचा आवाज एवढा की ओरडून बोलावं लागायचं. कोपऱ्यात वधू-वरांच्या खुर्च्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या.

पहिले तीन आठवडे धावणं नाही, उडी नाही, पूर्ण अंतर नाही. उजवा गुडघा जमिनीवर, डावा पाय पुढं, भिंत पाच मीटरवर. नुसतं मनगट आणि बोटं. चेंडू अर्धा पांढरा, अर्धा लाल हवा होता, म्हणजे फिरकी कुठल्या दिशेला आहे ते डोळ्यांना दिसतं. त्यासाठी त्यानं थोरल्या बहिणीकडं नेलपॉलिश मागितलं. ती म्हणाली, "बाटली परत देणार असशील तर देतो." पांढरं नव्हतं, चंदेरी होतं. चाललं.

त्याला नुसता सरळ लेगब्रेक टाक असं मी सांगितलंच नाही. बिघाड एका बाजूला झालाय तर ओढायचं पार दुसऱ्या बाजूला. तळवा पूर्ण फलंदाजाकडं, चेंडू पॉइंटच्या दिशेनं आडवा फिरला पाहिजे, ताटलीसारखा. लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण उघडतो तसा हात. पुढं जायचं विसर, फक्त आडवा फिरव. चेंडूतलं सगळं उसळणं जातं, असा चेंडू सामन्यात कुणी टाकत नाही. पण मनगटाला तो विसरलेला रस्ता आठवतो.

आठ-दहा दिवस काहीच झालं नाही. चंदेरी पट्टा डगमगत, वेडावाकडा भिंतीवर आदळायचा. पोरगं वैतागायचं. एकदा रागानं चेंडू वधू-वरांच्या खुर्चीवर मारला आणि प्लास्टिक फाटलं. तालमीतले एक जुने वस्ताद तिथं पावसापायी टेकलेले असायचे. ते एक दिवस म्हणाले, "ढाक लावायला शिकलेला गडी पट काढायचा विसरतो. मग त्याला मी महिनाभर ढाक लावूच देत न्हाई." पोरानं मान डोलावली. हेच मी आठवडाभर सांगत होतो, पण आमच्या गावात कुस्तीतल्या डावांच्या भाषेत सांगितलेलं लवकर पटतं.

बाराव्या का तेराव्या दिवशी पट्टा पहिल्यांदा स्थिर दिसला. चंदेरी आणि लाल यांच्यामधली रेघ जराही हलली नाही, चेंडू हवेत थांबल्यासारखा वाटला आणि भिंतीवर आपटून उजवीकडं पळाला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. त्यानं चेंडू उचलून आणला आणि पुन्हा टाकला. पुन्हा डगमगला. पण काय हवंय ते आता त्याच्या बोटांना कळलं होतं.

ऑगस्टच्या शेवटी उभं राहून, मग तीन पावलांवरून, मग पूर्ण अंतरावरून. खांद्यासाठी मी भिंतीवर खडूची खूण केली. चेंडू सुटेपर्यंत डाव्या हाताची मूठ तिच्यासमोर पाहिजे. पाय आपोआप सुधारला, त्याला वेगळं काही करावं लागलं नाही.

ऑक्टोबर आणि नंतर

सांगायला आवडलं असतं की ऑक्टोबरच्या निवड सामन्यात पोरानं पाच काढले. १४ षटकं, ५२ धावा, १ बळी. लेगब्रेक वळत होता, पण टप्पा सापडत नव्हता. दुरुस्त केलेली नवी सवय दबावाखाली फार तर निम्मी टिकते, हे मला आधी माहीत असायला हवं होतं. गुगली टाकायला मी परवानगी दिली नव्हती. कदाचित तीही चूक असेल. दोन-तीन टाकल्या असत्या तर फलंदाज इतके निर्धास्त पुढं आले नसते. निवडणाऱ्यांपैकी एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "गेल्या वर्षी सात काढणारा हाच काय? त्याची ती गुगली कुठं गेली?"

नाव यादीत आलं नाही. वडिलांनी मला फोन केला नाही, आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या टेनिस स्पर्धेला पोरगं गेलं. मी काही बोललो नाही. ठरल्याप्रमाणं दसऱ्यापर्यंतच माझं होतं.

पण एक झालं. त्या स्पर्धेत त्यानं दोन षटकं टाकली आणि मग आपणहून मध्यमगती टाकायला लागला. मला हे दुसऱ्याच पोराकडून कळलं. विचारलं तेव्हा म्हणाला, "तिथं फिरवलं की इथलं बिघडतंय. जोरात टाकली तर काय बिघडत न्हाई, आणि पैसे तेवढेच." असा मार्ग माझ्या डोक्यात आला नव्हता. बूट विकत घेणाऱ्याच्याच डोक्यात तो येतो.

डिसेंबरमध्ये मोठ्यांच्या लीगमध्ये टर्फवर, म्हणजे मॅट नसलेल्या मातीच्या खेळपट्टीवर, त्याला एक सामना दिला. समोर तिशीतला, जिल्ह्यात बरंच खेळलेला फलंदाज. तिसऱ्या षटकात चेंडू मधल्या स्टंपावर पडला, फलंदाजानं पाय पुढं टाकला, सरळ बॅट आणली, आणि कड घेऊन चेंडू स्लिपकडं गेला. स्लिपमध्ये आमचा कप्तान. दोन्ही हातांत आला आणि खाली पडला. पोरगं क्रीजवर कमरेवर हात ठेवून उभं राहिलं. माझ्याकडं एकदा बघितलं. मग खाली वाकून बुटाची लेस बांधली आणि पुढचं षटक मागून घेतलं. त्या डावात त्याला २ बळी मिळाले, दोन्ही लेगब्रेकवर.

सध्याची व्यवस्था अशी आहे. नेटला आला की मी त्याला बारा चिंचोके देतो. एक गुगली टाकली की एक चिंचोका पंचाच्या स्टंपाशी ठेवायचा. संपले की त्या दिवसापुरती गुगली संपली. शनिवारी नेट आटोपलं तेव्हा त्याच्या खिशात पाच शिल्लक होते. का उरले विचारलं, तर म्हणाला, "लागले न्हाईत, सर." काल पहिल्या वीस मिनिटांतच बाराही संपवले आणि अजून दोन द्या म्हणून मागे लागला होता.